ब्राउझरमधून रिझर्व्हॉयर डेटाचा पहिला अभ्यास: नॉर्वेच्या व्होल्व्ह क्षेत्रावर, पायरीपायरीने

तेल-वायूच्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांपुढे दोन अडचणी असतात. कंपन्यांत वापरली जाणारी सॉफ्टवेअर इतकी महाग असतात की त्यांचा परवाना विद्यार्थ्याला परवडत नाही, आणि सरावासाठी खरा डेटा मिळत नाही. पुस्तकातली उदाहरणं इतकी स्वच्छ असतात की त्यांवर शिकलेला माणूस पहिल्या खऱ्या फाइलपुढे अडखळतो. आज या दोन्ही अडचणींवर मोफत उपाय आहे. डेटा नॉर्वेच्या व्होल्व्ह या तेलक्षेत्राचा घ्यायचा आणि काम ब्राउझरमध्येच करायचं. संगणकावर काहीही बसवावं लागत नाही. ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो.

पेट्रोलियम किंवा भूविज्ञानाचे विद्यार्थी आणि आयटीतून या डेटाकडे वळणारे, अशा दोघांसाठी हा लेख आहे. पायथन थोडं येत असेल तर बरं. येत नसेल तरी चौथ्या पायरीपर्यंतचं काम गुगल शीट्समध्ये होतं.

आधी हे जमवून ठेवा

- गुगल खातं. ड्राइव्हमध्ये निदान २ ते ३ जीबी जागा मोकळी हवी.
- ज्या कंपनीने व्होल्व्ह चालवलं त्या इक्विनॉरच्या डेटा संकेतस्थळावरचं खातं. नोंदणी करताना परवान्याच्या अटी मान्य कराव्या लागतात. त्या नीट वाचा. डेटा अभ्यासाला वापरता येतो, पण विकता येत नाही, आणि अहवालात स्रोत लिहावा लागतो.
- नॉर्वेच्या सोकेल डायरेक्टोरेटचं (समुद्रातल्या तेल-वायूचं सरकारी खातं) फॅक्टपेजेस हे संकेतस्थळ. याला खातं लागत नाही.
- एक वही, किंवा शीट्सचं वेगळं पान. प्रत्येक फाइल कुठून घेतली, कधी घेतली, तिच्यात एककं कोणती आणि तुम्ही काय बदललं, हे त्यात लिहायचं. ही नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर आठवून लिहिता येत नाही.

१. क्षेत्राची ओळख करून घ्या

फाइल उघडण्याआधी क्षेत्राबद्दलचे चार आकडे माहीत हवेत, म्हणजे पुढे आलेलं उत्तर बरोबर दिशेला आहे की नाही ते कळतं.

व्होल्व्ह हे उत्तर समुद्रातलं छोटं क्षेत्र, स्टाव्हांगर शहराच्या पश्चिमेला सुमारे २०० किलोमीटरवर. तिथे पाणी सुमारे ८० मीटर खोल आहे. तेल सापडलं १९९३ मध्ये, उत्पादन सुरू झालं फेब्रुवारी २००८ मध्ये आणि क्षेत्र बंद झालं सप्टेंबर २०१६ मध्ये. तेल ज्युरासिक काळातल्या ह्युगिन नावाच्या वालुकाश्मात, साधारण २,७०० ते ३,१०० मीटर खोलीवर होतं. हेच इथलं रिझर्व्हॉयर, म्हणजे तेल साठवणारा खडक. एकूण उत्पादन सुमारे ६.३ कोटी बॅरल आणि कमाल दर दिवसाला सुमारे ५६,००० बॅरल. जागच्या (जमिनीखाली मुळात असलेल्या) तेलापैकी सुमारे ५४ टक्के तेल बाहेर आलं, हे कंपनीने जाहीर केलेलं आहे. क्षेत्र बंद झाल्यावर २०१८ मध्ये इक्विनॉरने सुमारे ४०,००० फाइल खुल्या केल्या. उत्पादन, वेल लॉग (विहिरीत उपकरणं सोडून खोलीगणिक घेतलेल्या नोंदी), सिस्मिक (ध्वनिलहरींनी घेतलेलं भूगर्भाचं चित्र), सिम्युलेशन मॉडेल (क्षेत्राचं संगणकावरचं प्रतिरूप), ड्रिलिंगचे अहवाल, सगळं त्यात आहे.

यातून लगेच दोन ताळे निघतात. एका घनमीटरमध्ये ६.२९ बॅरल बसतात, म्हणजे ६.३ कोटी बॅरल हे साधारण १ कोटी घनमीटर झाले. आणि ५४ टक्के म्हणजे १ कोटी, तर जागचं तेल सुमारे १.८५ कोटी घनमीटर. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ते पुढे कामाला येतील.

२. फॅक्टपेजेसवर विहिरींची नावं जुळवा

फॅक्टपेजेसवर क्षेत्राच्या विभागात जाऊन व्होल्व्ह शोधा. तिथे महिन्यावार उत्पादन मिळतं. विहिरींच्या विभागात प्रत्येक विहिरीची खोली, लागलेले थर आणि तारखा मिळतात. सगळं एक्सेल किंवा सीएसव्हीत उतरवून घेता येतं. जुन्या लेखांत या खात्याचा उल्लेख नॉर्वेजियन पेट्रोलियम डायरेक्टोरेट, म्हणजे एनपीडी असा सापडेल. खातं तेच आहे, १ जानेवारी २०२४ पासून नाव बदललं.

नव्या माणसाचा इथला पहिला गोंधळ विहिरींच्या नावांचा. १५/९-एफ-१ सी हे नाव घ्या. १५ हा क्वाड्रंट (समुद्राच्या नकाशावरचा मोठा चौकोन), ९ हा त्यातला ब्लॉक (छोटा चौकोन), एफ-१ ही विहीर आणि शेवटचा सी म्हणजे त्याच विहिरीतून बाजूला काढलेला फाटा. हेच नाव उत्पादनाच्या फाइलमध्ये एका स्तंभात आधी देशाचा संकेत लावून येतं आणि दुसऱ्या स्तंभात त्याविना. फाइलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही म्हणून लॉगच्या फोल्डरमध्ये तिच्या जागी अंडरस्कोअर असतो. नावावरून दोन तक्ते जोडले की निम्म्या ओळी गळतात, आणि सॉफ्टवेअर त्याची कसलीही सूचना देत नाही. म्हणून प्रत्येक विहिरीला दिलेला एनपीडीचा संख्यात्मक कोड वापरा. तो सगळीकडे एकच असतो. जोडणीच्या आधी आणि नंतर ओळी मोजायची सवयही इथेच लावून घ्या.

एककंही इथेच बघा. फॅक्टपेजेसवर तेल दशलक्ष घनमीटरमध्ये आणि वायू अब्ज घनमीटरमध्ये असतो. शिवाय तो विक्रीयोग्य उत्पादनाचा आकडा आहे. व्होल्व्हच्या फाइलमधला आकडा विहिरीगणिक वाटून दिलेला आहे. दोन्ही अगदी तंतोतंत जुळणार नाहीत. थोडा फरक चालेल. दुप्पट-तिप्पट फरक आला तर चूक तुमच्याकडे आहे.

३. उत्पादनाची फाइल आधी गुगल शीट्समध्ये उघडा

संपूर्ण व्होल्व्ह डेटा काही टेराबाइटचा आहे आणि त्यातला मोठा वाटा सिस्मिकचा. तो सगळा उतरवायच्या फंदात पडू नका. सुरुवातीला फक्त उत्पादनाची एक्सेल फाइल घ्या. ती काही एमबीचीच आहे.

तिच्यात दोन पानं आहेत, रोजच्या नोंदींचं आणि महिन्यांचं. रोजच्या पानावर १५,६३४ ओळी आणि २४ स्तंभ आहेत, म्हणजे पावणेचार लाखांच्या आसपास चौकटी. शीट्सची मर्यादा १ कोटी चौकटींची असल्यामुळे ही फाइल आरामात मावते. उघडण्याआधी शीट्सच्या सेटिंगमध्ये लोकेल (कोणत्या देशाची तारखेची पद्धत) तपासा, नाहीतर दिवस आणि महिना यांची अदलाबदल होऊ शकते.

कामाचे स्तंभ हे: तारीख, विहिरीचा कोड, ऑन-स्ट्रीम तास (विहीर त्या दिवशी किती तास चालू होती), तळाचा सरासरी दाब, तळाचं तापमान, चोकचा (प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) आकार, वेलहेडचा (विहिरीच्या तोंडाशी असलेला) दाब, तेल, वायू, पाणी, जमिनीत सोडलेलं पाणी आणि शेवटी प्रवाहाचा प्रकार. घनफळं सगळी प्रमाणित घनमीटरमध्ये आहेत, दाब बारमध्ये.

महिन्यांच्या पानावर एक खोच आहे. मथळ्याखालची पहिली ओळ डेटाची नसून एककांची आहे. ती न काढता फाइल वाचली तर सगळे स्तंभ मजकूर म्हणून घेतले जातात आणि बेरीज होत नाही. ती ओळ आधी काढून टाका.

मग पिव्हट टेबल करून तेलाच्या स्तंभाची विहिरीवार बेरीज घ्या. एकूण १ कोटी घनमीटरच्या जवळ आली पाहिजे. त्यातला आठ-दशांशाहून जास्त वाटा एफ-१२ आणि एफ-१४ या दोनच विहिरींचा दिसेल. हे दोन्ही जुळलं तर पुढे जा. नाही जुळलं तर इथेच थांबून कारण शोधा. बहुतेक वेळा एखादी गाळणी (फिल्टर) चालू राहिलेली असते.

४. डेटा साफ करा

माझ्या मते सगळ्या कामात जास्तीत जास्त वेळ या पायरीला द्यावा. आलेख काढणं काही मिनिटांचं काम आहे. चुकीच्या आकड्यांवर काढलेला आलेखही तितकाच देखणा दिसतो, धोका तोच आहे.

*शून्य म्हणजे काय ते ओळखा.* तळाच्या दाबाच्या स्तंभात पुष्कळ ठिकाणी शून्य आहे. जमिनीखाली अडीच-तीन हजार मीटरवर दाब शून्य असू शकत नाही. दाब मोजणारा गेज बंद होता किंवा नोंद आली नाही, इतकाच त्याचा अर्थ. अशी शून्यं रिकामी करा, नाहीतर सरासरी दाब बराच खाली येतो आणि रिझर्व्हॉयर झपाट्याने रिकामं होत असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. तेलाच्या स्तंभातलं शून्य मात्र खरं असू शकतं, विहीर त्या दिवशी बंद असेल. कोणतं शून्य कोणत्या प्रकारचं, ते ऑन-स्ट्रीम तासांवरून ठरवा.

*दर काढताना तास लक्षात घ्या.* एखाद्या दिवशी १५० घनमीटर तेल आलं आणि विहीर फक्त ६ तास चालू होती, तर दर १५० नव्हे, १५० गुणिले २४ भागिले ६, म्हणजे दिवसाला ६०० घनमीटर. हे न केल्यास प्रत्येक छोट्या बंदीच्या दिवशी आलेखात खड्डा पडतो आणि घटीचा वेग खोटा वाढतो. उलट बाजूही सांभाळा. विहीर एक-दोन तासच चालली असेल तर बंदीत साठलेल्या दाबामुळे सुरुवातीचा प्रवाह जोरात येतो आणि २४ तासांवर नेलेला दर फुगतो. १२ तासांपेक्षा कमी चाललेले दिवस दराच्या विश्लेषणातून वगळावेत. एकूण उत्पादनाच्या बेरजेत मात्र ते ठेवायचे, आणि बेरीज नेहमी मूळ घनफळांचीच घ्यायची, तासांवरून सुधारलेल्या दरांची नाही.

तासांच्या स्तंभात कुठेकुठे २५ हा आकडा दिसला तर दचकू नका. युरोपात ऑक्टोबरमध्ये घड्याळ एक तास मागे घेतात, तो दिवस २५ तासांचा असतो. मार्चमध्ये २३ तासांचा.

*विहीर उत्पादक की पाणी सोडणारी, ते नावावरून ठरवू नका.* एफ-४ आणि एफ-५ या विहिरींतून रिझर्व्हॉयरमध्ये दाब टिकवण्यासाठी पाणी सोडलं जात होतं. पण एफ-५ मधून २०१६ मध्ये उत्पादनही झालं. प्रवाहाच्या प्रकाराचा स्तंभ त्यासाठीच आहे, गाळणी त्यावर लावा.

*मूळ फाइलला हात लावू नका.* साफ केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा आणि काय काढलं, का काढलं, हे वहीत लिहा.

५. कोलॅबमध्ये आलेख काढा

गुगल कोलॅब म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी पायथनची नोटबुक. नवीन नोटबुक उघडा, ड्राइव्ह जोडा आणि पांडाज या लायब्ररीने फाइल वाचा. एक्सेल वाचायला ओपनपायएक्सएल लागते, ती कोलॅबमध्ये आधीपासून असते.

फाइल डावीकडच्या पट्टीत ओढून टाकली तर ती फक्त त्या सत्रापुरती राहते. मोफत कोलॅबचं सत्र जास्तीत जास्त १२ तासांचं, आणि मध्ये बराच वेळ काम थांबलं तर त्याआधीही तुटतं. सत्र तुटलं की तिथे टाकलेल्या फाइल आणि वेगळ्या बसवलेल्या लायब्ररी जातात. म्हणून फाइल ड्राइव्हवर ठेवा आणि लायब्ररी बसवण्याच्या आज्ञा नोटबुकच्या पहिल्याच चौकटीत लिहा.

कोलॅबमधला एआय सहायक कोड लिहून देतो. त्याची मदत जरूर घ्या, पण स्तंभांची खरी नावं आधी छापून त्याला दाखवा. तसं न केल्यास तो नावं अंदाजाने घालतो. एककं बदलणाऱ्या ओळी तर स्वतः तपासाच.

पहिले तीन आलेख असे काढा, प्रत्येक विहिरीसाठी वेगळे:

१. तेलाचा दर आणि त्याच वेळेचा चोकचा आकार, एकाखाली एक. दर घटला तेव्हा चोकही बारीक केलेला असेल, तर ती घट माणसाने केलेली आहे, रिझर्व्हॉयरने नाही.

२. वॉटर कट, म्हणजे पाणी भागिले तेल अधिक पाणी. पाणी विहिरीपर्यंत कधी पोचलं आणि किती वेगाने वाढलं ते यात दिसतं. व्होल्व्हमध्ये तेलाची घट समजून घ्यायला हा आलेख सगळ्यात उपयोगी.

३. वायू भागिले तेल, म्हणजे जीओआर. व्होल्व्हसाठी हा आकडा साधारण दीडशेच्या आसपास राहतो, घनमीटरला घनमीटर. अमेरिकन पुस्तकांत तो घनफूट प्रति बॅरलमध्ये असतो, त्यासाठी ५.६१५ ने गुणायचं, म्हणजे सुमारे ८४०. तुमचा आकडा दीडशेऐवजी हजारात आला तर एककांची सरमिसळ झाली आहे.

६. घटीचा वक्र बसवा, पण कुठे थांबायचं ते ठरवून

डिक्लाइन कर्व्हची, म्हणजे घटीच्या वक्राची, आजची पद्धत अजूनही आर्प्स या अभियंत्याच्या १९४५ च्या सूत्रावर उभी आहे. सुरुवातीचा दर, घटीचा सुरुवातीचा वेग आणि बी हा घातांक, एवढ्या तीन आकड्यांत सगळं बसतं. बी शून्य असेल तर घट घातांकी, १ असेल तर हार्मोनिक, मधल्या किमतींना हायपरबोलिक. कोलॅबमध्ये सायपाय या लायब्ररीतलं वक्र बसवण्याचं फंक्शन हे तीनही आकडे काही सेकंदांत देतं, आणि गडबड तिथेच होते.

एक उदाहरण हाताने करून बघा. समजा दर दिवसाला १,००० घनमीटर होता आणि वर्षाने तो ८०० झाला. दर १०० वर आला की विहीर बंद करायची आहे. दर १,००० होता त्या दिवसापासून तोवर एकूण किती तेल येईल?

- बी शून्य धरला तर घटीचा वेग वर्षाला ०.२२३ येतो. विहीर सुमारे १०.३ वर्षं चालते आणि तेल येतं सुमारे १४.७ लाख घनमीटर.
- बी ०.५ धरला तर १८.३ वर्षं आणि सुमारे २१.१ लाख घनमीटर.
- बी १ धरला तर ३६ वर्षं आणि सुमारे ३३.६ लाख घनमीटर.

तिन्ही वक्र त्याच दोन बिंदूंतून जातात, तरी उत्तर सव्वादोन पटींहून जास्त फिरतं. संगणकाला मोकळं सोडलं तर तो थोड्या डेटावर बी १ च्याही वर नेतो, कारण त्याला फक्त बिंदूंशी असलेलं अंतर कमी करायचं असतं. म्हणून बीला ० ते १ अशी सीमा घाला, आणि अहवालात एकच आकडा न देता बीच्या दोन-तीन किमतींची उत्तरं द्या.

यात २० टक्के घट आणि ०.२२३ हा वेग हे दोन वेगळे आकडे आहेत, हेही बघून ठेवा. पहिला वर्षाअखेरचा प्रत्यक्ष फरक, दुसरा सूत्रात जाणारा. सूत्रात सरळ ०.२० टाकणं ही नेहमीची चूक.

वक्र कोणत्या काळावर बसवायचा? विहिरीने कमाल दर गाठल्यानंतर, चोक जवळजवळ स्थिर असतानाचा सलग काळ घ्या. आर्प्सची पद्धत विहिरीच्या तळाचा दाब फारसा बदलत नाही असं गृहीत धरते. व्होल्व्हमध्ये पाणी सोडून दाब राखला होता, त्यामुळे तेल घटण्याचं मोठं कारण वाढतं पाणी हे आहे. अशा ठिकाणी आणखी एक आलेख काढा: आडव्या अक्षावर एकूण तेल, उभ्या अक्षावर पाणी भागिले तेल, लॉग मापनात. शेवटचा भाग सरळ रेषेत आला तर ती रेषा परवडेल त्या मर्यादेपर्यंत वाढवून अंतिम तेल वाचता येतं. दोन पद्धतींची उत्तरं जवळ आली तर भरवसा वाढतो.

व्होल्व्हचा मोठा फायदा असा की शेवट माहीत आहे. २०१२ पर्यंतचाच डेटा घेऊन अंदाज करा आणि २०१६ पर्यंत प्रत्यक्षात काय आलं त्याच्याशी ताडून बघा. चालू क्षेत्रावर काम करणाऱ्याला हे सुख मिळत नाही. एफ-१२ वर हा सराव मन लावून करा.

७. वेल लॉग वाचा

लॉगच्या फाइल बहुतेक एलएएस स्वरूपात असतात. हे कॅनडाच्या वेल लॉगिंग सोसायटीने ठरवलेलं साधं मजकुराचं स्वरूप आहे, नोटपॅडमध्येही उघडतं. कोलॅबमध्ये लासिओ ही लायब्ररी बसवून ते वाचा. डीएलआयएस स्वरूपातल्या फाइल मजकुराच्या नसतात, त्यांना इक्विनॉरनेच खुली केलेली डीएलआयएसआयओ लायब्ररी लागते.

वाचण्याआधी फाइलचा वरचा भाग डोळ्यांखालून घाला. तीन गोष्टी बघायच्या: खोली मीटरमध्ये की फुटांत, नोंदींमधलं अंतर किती (०.१५२४ मीटर म्हणजे अर्धा फूट, हे वारंवार दिसेल), आणि रिकाम्या जागी कोणता आकडा भरलाय. हा आकडा बहुधा उणे ९९९.२५ असतो. लासिओ तो आपोआप रिकामा करते, पण वरच्या भागात एक आकडा आणि प्रत्यक्ष नोंदींत दुसराच, अशा फाइलही असतात. तसं झालं तर घनतेच्या जागी उणे ९९९.२५ जाऊन सच्छिद्रता ६०७ येते. सच्छिद्रता ० ते १ च्या मध्येच असू शकते, म्हणून प्रत्येक गणितानंतर किमान आणि कमाल किंमत छापा.

घनतेवरून सच्छिद्रता: खडकाच्या कणांच्या घनतेतून लॉगची घनता वजा करा, आणि कणांच्या घनतेतून द्रवाची घनता वजा करून येणाऱ्या आकड्याने भागा. वालुकाश्मासाठी २.६५, चुनखडीसाठी २.७१, द्रवासाठी साधारण १, सगळं ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरमध्ये. लॉगवर २.३२ असेल तर वालुकाश्मात ०.३३ भागिले १.६५, म्हणजे ०.२०, वीस टक्के.

पाण्याची संपृक्तता, म्हणजे छिद्रांतला पाण्याचा वाटा, आर्चीच्या १९४२ च्या सूत्राने. नेहमीचे घातांक २ आणि २ घ्या, रिझर्व्हॉयरच्या पाण्याचा रोध (विजेला होणारा विरोध) समजा ०.०५ ओहम-मीटर आणि लॉगवरचा खोल रोध (विहिरीच्या भिंतीपासून लांब, आतल्या खडकात मोजलेला) २० ओहम-मीटर. सच्छिद्रता ०.२० चा वर्ग ०.०४, ०.०५ भागिले ०.०४ म्हणजे १.२५, त्याला २० ने भागून ०.०६२५ आणि त्याचं वर्गमूळ ०.२५. म्हणजे छिद्रांत २५ टक्के पाणी, उरलेल्या ७५ टक्क्यांत तेल किंवा वायू. हे गणित एका खोलीसाठी हाताने करा आणि मगच पूर्ण विहिरीवर चालवा. पाण्याच्या रोधाचा आकडा मनाने घालू नका, व्होल्व्हच्या पेट्रोफिजिक्स अहवालांत बघा. खडकात शेल (चिकणमातीचा खडक) जास्त असेल तर आर्चीचं सूत्र पाणी जास्त दाखवतं, हेही ध्यानात असू द्या.

खोलीचा घोळ मात्र अनुभवी माणसांकडूनही होतो. लॉगमधली खोली विहिरीच्या वाटेने मोजलेली असते, तीही रिगच्या डेकपासून. व्होल्व्हच्या विहिरी तिरप्या आहेत. विहीर उभ्या रेषेपासून ६० अंश कललेली असेल तर वाटेने मोजलेले १०० मीटर हे उभ्यात फक्त ५० मीटर. दोन विहिरींचे थर जुळवताना किंवा थराची जाडी धरताना विचलनाची फाइल (विहीर कुठे किती कलली त्याची नोंद) वापरून समुद्रसपाटीखालची उभी खोली काढलीच पाहिजे. आडव्या थरात हे विसरलात तर या उदाहरणात तेलाचा साठा थेट दुप्पट दिसेल.

८. मॉडेल आणि सिस्मिक: सध्या लांबून बघा

सिस्मिकच्या फाइल मोफत कोलॅबच्या स्मृतीत मावत नाहीत. सेगिओ लायब्ररीने एखादी रेषा वाचून बघता येते, तेवढं पुरे. सिम्युलेशन मॉडेलसाठी ओपीएम फ्लो आणि रेझइनसाइट ही मोफत साधनं आहेत, पण ती ब्राउझरची नाहीत. मॉडेलचे निकाल ब्राउझरमध्ये दाखवण्यासाठी इक्विनॉरने वेबव्हिझ हे खुलं साधन तयार केलंय, ते पायथन जमल्यावर हाताळा.

९. तयार वेब साधनं केव्हा घ्यावीत

व्हिटसन प्लस, कॉम्बोकर्व्ह, एसएलबीचं डेल्फी ही कंपन्यांत वापरली जाणारी, ब्राउझरमधून चालणारी व्यावसायिक साधनं. कॉलेजमार्फत शैक्षणिक प्रवेश मिळतो का, ते विचारून बघा. वरच्या पायऱ्या हाताने केल्या असतील तर यांपैकी कोणतंही साधन लवकर हातात बसतं, कारण त्यातलं प्रत्येक बटण कोणतं गणित करतं ते तुम्हाला कळत असतं.

अमेरिकेतल्या कॅन्सस जिऑलॉजिकल सर्व्हेचं संकेतस्थळही बघण्यासारखं आहे. विहिरींच्या एलएएस फाइल तिथे मोफत मिळतात. तिथल्या विहिरीचा एपीआय क्रमांक (अमेरिकेत प्रत्येक विहिरीला दिलेला ओळख क्रमांक) १५ ने सुरू होतो, तो कॅन्ससचा संकेत. याच संस्थेने दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला जेमिनी नावाची वेबवरची रिझर्व्हॉयर विश्लेषणाची प्रणाली उभी केली होती. (गुगलच्या एआयशी तिचा संबंध नाही.) ती जावावर बेतलेली होती आणि ब्राउझरमध्ये जावा ॲपलेट आता चालत नाहीत. जुन्या मार्गदर्शिकेतल्या पायऱ्या तुमच्याकडे उघडल्या नाहीत तर संगणकात दोष शोधत बसू नका. तिथला लॉग डेटा घेऊन कोलॅबमध्ये वापरा. फक्त खोली फुटांत असते, आणि न्यूट्रॉनची सच्छिद्रता बहुधा चुनखडीच्या मापाने दिलेली असते. वालुकाश्मात ती सरळ वापरली तर सच्छिद्रता कमी येते.

१०. भारतातला डेटा आणि गोपनीयता

मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं आणि १९७६ पासून उत्पादन देतंय, त्यामुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना साहजिकच त्या डेटावर काम करावंसं वाटतं. भारतातला सगळा डेटा डायरेक्टोरेट जनरल ऑफ हायड्रोकार्बन्सच्या नॅशनल डेटा रिपॉझिटरीत, नोएडाला ठेवला जातो. हे भांडार २०१७ मध्ये सुरू झालं. पण व्होल्व्हसारखं ‘उतरवा आणि वापरा’ असं ते नाही. डेटा सरकारच्या मालकीचा असतो आणि तो परवानगीने मिळतो. विद्यार्थ्याने स्वतः लिहिण्यापेक्षा विभागप्रमुखांमार्फत, संस्थेच्या पत्रावर, संशोधनाचा विषय आणि नेमकी हवी असलेली विहीर किंवा सर्व्हे नोंदवून विचारावं.

इंटर्नशिपला मुंबई किंवा पनवेलच्या एखाद्या कार्यालयात गेलात आणि तिथे खऱ्या विहिरीची फाइल हाती आली, तर ती स्वतःच्या ड्राइव्हवर, कोलॅबमध्ये किंवा कुठल्याही एआय सहायकात टाकू नका. एकटा वेलहेडचा दाब किंवा लॉगचा एक तुकडासुद्धा नाही. आलेखाचा स्क्रीनशॉट मैत्रिणीला पाठवणं हेही त्यातच येतं. काम कंपनीच्या यंत्रणेतच करा, आणि अहवालात काय दाखवता येईल ते मार्गदर्शकांकडून लेखी घ्या. नोकरीच्या मुलाखतीत कौशल्य दाखवायचं असेल तर व्होल्व्हवर केलेली नोटबुक दाखवा. ती उघडपणे दाखवता येते, आणि समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांनी हा डेटा स्वतः हाताळलेला असल्यामुळे ते थेट एफ-१२ च्या वॉटर कटबद्दलच विचारतील.